सरांचे सर्वत्र कौतुक होत आहे

मंगरूळपीरमध्ये एखाद्या सरांना पीएच.डी. मिळाली, की गावाला ती तीन ठिकाणी कळते. बसस्थानकाजवळच्या बॅनरवर, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तालुक्याच्या पानावर, आणि या दोन्हींच्या कितीतरी आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. तिन्हीकडे सरांचा फोटो असतो, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं नाव असतं, मार्गदर्शकांचं नाव असतं आणि शिरपेचात खोवलेला मानाचा तुरा असतो. प्रबंधाचा विषयही असतो, नाही असं नाही. पण तो अवतरणचिन्हांत अडीच ओळींचा असतो आणि 'एक चिकित्सक अभ्यास' या शब्दांनी संपतो. त्याच्याबद्दल लोकांना ठाऊक असतं ते एवढंच. चहाच्या टपरीवर दोघांत बोलणं होतं.

"सरले डॉक्टरेट भेटली म्हन्ते."

"कायच्यात?"

"मराठीत असन बाप्पा."

"बरं झालं."

इथे विषय मिटतो आणि सोयाबीनचा भाव निघतो.

ग्रुपवर बातमी कुणी टाकायची, याचे संकेत ठरलेले आहेत. सरांनी स्वतः टाकायची नसते. ते बरं दिसत नाही. म्हणून सर ती एका सहकाऱ्याला पाठवतात. सोबत दोन फोटो, एक कोट घातलेला आणि एक मार्गदर्शकांशेजारी उभा राहिलेला. खाली एक ओळ : 'मला काही प्रसिद्धीची हौस नाही, पण मंडळी फार आग्रह करतायत. बघा, टाकायची तर टाका.' मजकूर तयारच असतो. तो तृतीयपुरुषी असतो आणि त्याचं शेवटचं वाक्य असतं, 'त्यांच्या या यशाबद्दल सर्वत्र कौतुक होत आहे.' हे वाक्य लिहिलं जातं त्या घटकेला बातमी सर, सरांच्या सौ. आणि तो सहकारी, अशा तिघांनाच माहीत असते. घडण्याआधी लिहून तयार असलेलं हे कौतुक पुढे जसंच्या तसं घडतं, हा भाग वेगळा.

बातमी पडल्यावर पहिली काही मिनिटं ग्रुपवर शांतता असते. बातमी कुणी पाहिली नाही म्हणून नव्हे. सगळ्यांनी पाहिलेली असते, पण पहिला पुष्पगुच्छ कोण टाकतो याची वाट बघणं चाललेलं असतं. मुख्याध्यापकांच्या आधी कनिष्ठानं टाकला तर आगाऊपणा, फार उशिरा टाकला तर मनात काहीतरी असल्याची शंका. एकदा का वरच्या माणसाचं 'हार्दिक अभिनंदन सर' पडलं, की मग धरण फुटतं. अभिनंदन, मनःपूर्वक अभिनंदन, त्रिवार अभिनंदन, आभाळभर शुभेच्छा. कुणी हात जोडतो, कुणी टाळ्या वाजवतो, कुणी फिरत्या गुलाबाचं स्टिकर पाठवतो. हे स्टिकर वाढदिवस, नवरात्र आणि सेवानिवृत्तीलाही चालतं. मे २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं मेसेजवरच अंगठा किंवा बदाम डकवण्याची सोय दिली, तेव्हापासून दोन शब्द टाइप करण्याचे कष्टही वाचले. पण जाणती माणसं हा अंगठा हिशेबात धरत नाहीत. अंगठा म्हणजे 'पाहिलं' एवढंच. अभिनंदन करायचं तर माणसानं शब्द खर्च करावेत, निदान दुसऱ्याचे कॉपी करून तरी.

कॉपीचा हा भाग लग्नातल्या आहेरासारखा आहे. आहेर करणाऱ्याला वस्तूशी कर्तव्य नसतं आणि घेणाऱ्यालाही नसतं. कर्तव्य असतं ते वहीशी. कुणी किती लिहिलं, आपल्या वेळी त्यानं काय लिहिलं होतं, आता परत किती लिहायचं. ग्रुपवरही अशी वही आहे, फक्त ती मनात असते आणि त्यामुळे जास्त चोख असते. गेल्या दिवाळी अंकात सरांचा लेख आला तेव्हा अमुकनं तीन ओळी लिहिल्या होत्या, तर आता अमुकच्या शोधनिबंधाला सरांच्या तीन ओळी जायलाच हव्यात. दोन ओळी गेल्या तर भाऊबंदकी. चार गेल्या तर पुढच्या खेपेला अमुकवर एका ओळीचं कर्ज. या व्यवहारात लेख वाचण्याची जागा कुठेच येत नाही, तशी आहेराच्या साडीची घडी कुणी उलगडून पाहत नाही.

घेणाऱ्याचं काम त्याहून अवघड. लगेच आभार मानले तर माणूस मोबाइल हातात धरूनच बसला होता असं दिसतं, म्हणून रात्र जाऊ द्यावी लागते. सकाळी 'आपणा सर्वांच्या शुभेच्छांमुळेच हे शक्य झाले' असं लिहायचं असतं. शुभेच्छा पदवीनंतर आल्या होत्या, हे कालक्रमाचं भान अशा वेळी ठेवू नये. नावं घेऊन आभार मानणं सगळ्यात धोक्याचं. एक नाव राहिलं, की ज्याचं राहिलं तो पुढच्या वर्षभराच्या प्रत्येक सत्काराला वेळेवर येतो आणि शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मोबाइलनं बिघडवलं, पूर्वी विद्वानांचं कौतुक कसं पारखून व्हायचं. त्या माणसाला मंगरूळपीरहून वाशिमच्या गाडीत बसवून द्यावं.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आणि साहित्याच्या मुलखात या गावाचा मान असा, की खुद्द काव्याचं लग्न इथे लागलेलं आहे. इसवी सन ९००च्या आसपास कनौजच्या महेंद्रपाल राजाच्या पदरी असलेल्या राजशेखरानं 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ लिहिला. त्यात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडतो, त्याची समजूत काढायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते, ती त्याच्यामागे देशोदेशी फिरते. पूर्वेला तो तिच्याकडे बघत नाही, पुढे थोडा थोडा वळतो, आणि शेवटी विदर्भात वत्सगुल्म नगरीत दोघं गांधर्वविवाह करतात. पुणे-मुंबईकडच्या संमेलनांत वऱ्हाडाला कोपऱ्यातली खुर्ची मिळते तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या साहित्यिकांनी हा दाखला खिशात ठेवायला हरकत नाही. आपण वधूपक्ष की वरपक्ष एवढं फक्त आधी ठरवून घ्यावं.

हा राजशेखर मुळात आपल्याकडचाच. त्याच्या यायावर घराण्यातला अकालजलद हा पूर्वज महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवला जायचा. पण कौतुकाच्या बाबतीत राजशेखरानं पूर्वजांवर विसंबून राहायचं कारण ठेवलं नाही. पूर्वी वाल्मीकी होता, तोच पुढे भर्तृमेण्ठ झाला, मग भवभूती झाला आणि आता तोच राजशेखर म्हणून वावरतो आहे, अशी स्वतःची वंशावळ त्यानं आपल्या नाटकात घालून ठेवली. 'काव्यमीमांसे'त कवींच्या दहा पायऱ्या आहेत. सहावी पायरी महाकवीची, आणि तिच्या वर सातवी कविराजाची. महाकवी एखाद्या प्रकारात प्रवीण असतो. कविराज मात्र सगळ्या भाषांत, सगळ्या प्रबंधांत, सगळ्या रसांत स्वतंत्र, आणि असे जगात फार थोडे, असं तो सांगतो. राजशेखराची स्वतःची पदवी कोणती होती? कविराज. नियम करणाऱ्यानं स्वतःची जागा पाहून नियम करायचे, ही पद्धत पुरस्कार समित्यांनी शोधलेली नाही.

त्याच दहांतला एक प्रकार आज समूळ नाहीसा झाला आहे. अन्यापदेशी. हा कवी स्वतः रचना करतो, पण कुणी दोष काढील या भीतीनं ती दुसऱ्याची आहे म्हणून वाचून दाखवतो. आज व्हॉट्सअ‍ॅपवर नेमका उलटा माणूस रोज सकाळी साडेसहाला भेटतो. दुसऱ्याची रचना असते आणि खाली नाव याचं असतं. राजशेखराला हाही माहीत होता. नवी कविता एकट्या माणसाला वाचून दाखवू नये, असा त्याचा रोकडा सल्ला आहे. उद्या तो ती आपलीच म्हणू लागला तर साक्षीदार कुठून आणणार? कनौजच्या दरबारातली ही काळजी तालुक्याच्या कविसंमेलनात आजही तितकीच खरी आहे.

त्याच्या ग्रंथात कविसभेच्या बैठकीची आखणीही आहे. सोळा खांब, चार दारं. उत्तरेला संस्कृत कवी, पूर्वेला प्राकृत, पश्चिमेला अपभ्रंशवाले आणि त्यांच्यामागे चितारी, सोनार, सुतार, लोहार. दक्षिणेला पैशाचीचे कवी आणि त्यांच्यामागे दोरीवर नाचणारे, जादूगार, मल्ल. व्यासपीठावर कुणाची खुर्ची कुठे, यावरून कार्यक्रम तासभर लांबवणाऱ्या आयोजकांनी हे प्रकरण मुळातून वाचावं. मोठ्या शहरांत राजानं विद्वानांच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तीर्ण होतील त्यांना ब्रह्मरथात बसवून मिरवावं आणि डोक्याला पट्ट बांधावा, असंही तो सांगतो. म्हणजे फेटा आणि मिरवणूक. ब्रह्मरथाच्या जागी फुलांच्या माळा सोडलेली उघडी जीप आली आणि परीक्षा तेवढी गळाली. बाकी विधी हजार वर्षं जसाच्या तसा आहे.

पण राजशेखराची खरी करामत पुढेच आहे. त्यानं कवींसारखी कौतुक करणाऱ्यांचीही प्रतवारी लावली. दाद देणाऱ्या माणसाला तो भावक म्हणतो आणि त्याच्या चार जाती सांगतो. त्या वाचताना त्याला तालुक्याच्या ग्रुपवर कुणीतरी चोरून घेतलं होतं की काय, असं वाटतं.

पहिला अरोचकी. याला काहीच रुचत नाही. ही अरुची काहींची जन्मजात असते आणि ती शंभर उपायांनीही जात नाही. काहींची मात्र ज्ञानातून आलेली असते, तिथे आशा आहे. ग्रुपवर हा 'अभिनंदन' लिहितो, पण पूर्णविराम देऊन. त्या पूर्णविरामाकडे सर रात्रभर बघत बसतात.

दुसरा सतृणाभ्यवहारी. शब्दशः, गवतासकट गिळणारा. धान्य काय, भुसा काय, सगळं एका घासात. ग्रुप चालतो तो याच्या जिवावर. याचं 'अप्रतिम सर!' लेखाचा दुवा पडल्यापासून चार सेकंदांत येतं, दुवा उघडायलाच त्याहून जास्त वेळ लागत असला तरी. एकदा 'वाचतो आणि प्रतिक्रिया कळवतो' असं लिहूनही हा थांबत नाही. लगोलग 'अप्रतिम' कळवून टाकतो. माणूस मनानं निर्मळ असतो. त्याच्याइतक्या प्रेमानं कुणी कुणाला अजून फसवलेलं नाही.

तिसरा मत्सरी. याला समोरच्याचा गुण दिसतो, चांगला ठसठशीत दिसतो, पण दिसला न दिसला सारखाच, कारण तो बोलत नाही. राजशेखराच्या काळी अशा माणसाला ओळखणं कठीण होतं. आता मेसेजवर बोट दाबून धरलं की कुणी किती वाजता वाचलं याची यादीच निघते. निळ्या खुणांनी मत्सराचा इतका सोपा पुरावा उपलब्ध करून दिला, की काही शहाण्यांनी त्या खुणा सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्या. ग्रुपवर तरीही त्या दिसतातच, हे त्यांना नंतर कळलं.

चौथा तत्त्वाभिनिवेशी. हा शब्दांची गुंफण पारखतो, चांगलं तिथे खुलतो, गाभ्यापर्यंत जातो. असा भावक हजारात एखादा, असं राजशेखराचं मोजमाप आहे. व्हॉट्सअ‍ॅपनं ग्रुपची मर्यादा आधी २५६ ठेवली होती, २०२२ मध्ये ती ५१२ आणि त्याच वर्षी १०२४ केली. म्हणजे भरगच्च ग्रुपात हिशेबानं एक तत्त्वाभिनिवेशी निघायलाच हवा. तो असतोही. ग्रुप म्यूट करून कुठेतरी पुस्तक वाचत बसलेला असतो.

वाशिम झालं, आता मंगरूळपीरच्या दुसऱ्या अंगाला कारंजा. कारंज्याच्या जैन मंदिरांमधल्या हस्तलिखितांच्या भांडारांनी अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला मोठा हात दिला. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे हिरालाल जैन यांनी तिथल्या पोथ्या धुंडाळून एकामागून एक ग्रंथ संपादित केले. त्यांत १९३३ मध्ये कारंज्याहून निघालेलं 'णायकुमारचरिउ' आहे. त्याचा कर्ता दहाव्या शतकातला पुष्पदंत. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात मंत्री भरताच्या आश्रयानं यानं प्रचंड महापुराण रचलं. या गृहस्थाची बिरुदं बघा : अभिमानमेरू आणि काव्यपिशाच. दुसरं बिरुद त्यानं अंगावर झूल म्हणून मिरवलं. आज बॅनरवर 'साहित्यरत्न' छापून घेणारे पुष्कळ आहेत. 'काव्यपिशाच' छापून घेण्याची छाती कुणाची होईल? मान्यखेटाला आल्यावर हा आधी गावात शिरलाच नाही. बाहेर बागेत बसून राहिला, दुर्जनांची तोंडं बघण्यापेक्षा रान बरं म्हणाला, आणि दोघांनी येऊन भरताची थोरवी सांगून मनधरणी केली तेव्हा कुठे उठला. सत्काराला 'वेळ काढून बघतो' म्हणणाऱ्यांचा मूळपुरुष हाच असावा. फरक एवढाच, की पुष्पदंतानं नंतर खरोखर महापुराण लिहिलं.

पदव्यांच्या बाबतीत मराठी माणूस पूर्वीपासून सढळ. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जायची, विद्वानांना त्यांच्या विद्येप्रमाणे आणि बाकीच्यांना त्यांच्या गर्दीप्रमाणे. इंग्रजांनी त्या पैशाला हळूहळू दुसरी वाट काढून दिली; १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी आली आणि मराठीत पुस्तक लिहिणाऱ्याला बक्षीस मिळू लागलं. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या ज्युबिलीला महामहोपाध्याय ही पदवी निघाली. ती पां. वा. काण्यांच्या नावामागे लागली १९४२ मध्ये. तोवर त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड निघत होतेच, आणि १९६२ पर्यंत पाच खंडांची सुमारे साडेसहा हजार पानं पुरी करून ते १९६३ मध्ये भारतरत्न झाले. साडेसहा हजार पानं वाचून त्यांचं अभिनंदन करणारे किती निघाले असतील, हा प्रश्न इथे काढू नये. लक्ष्मणशास्त्री जोशींची तर्कतीर्थ ही तर कलकत्त्याला जाऊन, परीक्षा देऊन मिळवलेली पदवी. परीक्षा देऊन मिळालेली बिरुदं आणि सभेत बहाल झालेली बिरुदं लेटरहेडवर शेजारी शेजारी बसतात, आणि वाचणाऱ्याला कोणती कुठली ते कळत नाही. छापणाऱ्याची इच्छाही तशीच असते.

खरी विद्वत्ता एकमेकांना कशी दाद देते, त्याचं उदाहरणही याच मातीतलं आहे, आणि ते ग्रुपवर खपणार नाही. १९३९ मध्ये वाशिमचा ताम्रपट उजेडात आला. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या राज्याच्या ३७व्या वर्षातला. वत्सगुल्मला वाकाटकांची वेगळी शाखा होती हे त्यानं पक्कं झालं. वा. वि. मिराशी तेव्हा नागपूरला होते. या ताम्रपटातल्या सर्वसेन राजाचं नाव हाती आल्यावर ते अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातल्या शिलालेखाकडे पुन्हा वळले. तो लेख ब्यूलरसारख्या पंडितानं अर्ध्या शतकापूर्वी वाचून छापलेला होता. मिराशींनी झिजलेली अक्षरं नव्यानं तपासली, आधीचं वाचन दुरुस्त केलं, आणि सर्वसेन तिथेही निघाला. ब्यूलरचा आदर त्यामुळे काडीनं कमी झाला नाही. उलट अर्ध्या शतकानंतर कुणीतरी आपली ओळ न् ओळ पुन्हा डोळ्यांखालून घालावी, याहून मोठा मान लेख वाचणाऱ्याला दुसरा कोणता मिळणार? मिराशींचा गौरवग्रंथ १९६५ मध्ये नागपुरात विदर्भ संशोधन मंडळानं काढला, तो त्याच रीतीचा. असल्या ग्रंथात उत्सवमूर्तीबद्दल बोलून झालं, की पानंच्या पानं अभ्यासक आपापलं नवं संशोधन मांडतात. रा. गो. भांडारकरांच्या ८०व्या वाढदिवसाला, ६ जुलै १९१७ला, पुण्यात त्यांना असाच लेखसंग्रह अर्पण झाला आणि त्याच दिवशी त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. शालीचा रंग कोणता होता, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता कल्पना करा, तालुक्याच्या ग्रुपवर सरांच्या प्रबंधाच्या बातमीखाली कुणी लिहिलं, 'सर, तिसऱ्या प्रकरणातला सन चुकलाय का? बखरीत वेगळा दिसतो.' पुढचे दोन तास काय होईल ते वऱ्हाडातल्या लहान पोरालाही सांगता येईल. आधी कुणीतरी 'आज आनंदाचा दिवस आहे, वाद नको' असं घालणार. मग विचारणाऱ्याच्या जातीचा, गावाचा आणि गेल्या निवडणुकीतल्या त्याच्या भूमिकेचा शोध लागणार. अ‍ॅडमिन 'ग्रुपचे नियम पाळा' म्हणून ठणकावणार. सर स्वतः मोठ्या मनानं 'सूचनेचे स्वागत' लिहिणार आणि खाजगीत अ‍ॅडमिनला फोन लावणार. सन बरोबर की चूक, हे शेवटपर्यंत कुणी पाहणार नाही. विचारणारा माणूस मात्र ग्रुपच्या इतिहासात एक ओळ ठेवून जातो : अमुक यांना काढून टाकण्यात आले.

उथळ कौतुकाला फळ येतच नाही, असंही मात्र म्हणता येत नाही. विकिपीडियावर काम करणारे एकमेकांना बार्नस्टार नावाचा एक चित्रातला तारा देतात. पैसे नाहीत, शाल नाही, नुसतं चित्र. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तिथेही ही चाल आली. अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातल्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केला. इंग्रजी विकिपीडियावरच्या सगळ्यात जास्त राबणाऱ्या एक टक्क्यातले, आजवर एकही तारा न मिळालेले २०० जण निवडले आणि त्यांतल्या १०० जणांना चक्क चिठ्ठ्या टाकून तारे दिले. कुणाचं काम चांगलं, कुणाचं सामान्य, ते बघितलंच नाही. पुरस्कार ठरवण्याची ही रीत आपल्याकडे कुणाला परकी वाटू नये. तर ज्यांना तारा मिळाला त्यांनी पुढच्या ९० दिवसांत, न मिळालेल्यांपेक्षा, सुमारे ६० टक्के जास्त काम केलं. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ग्रुपवरच्या सतृणाभ्यवहारींनी हा आकडा फ्रेम करून लावायचा म्हटलं तर घाई करू नये, कारण त्याच दोघांनी पुढे हाच प्रयोग कमी राबणाऱ्यांवरही केला. तो २०१४ मध्ये छापून आला. त्यांच्यावर ताऱ्याचा काही परिणाम दिसला नाही. जे आधीच करत होते त्यांनी आणखी केलं. जे बसले होते ते तारा घेऊन बसून राहिले.

बसून राहणाऱ्यांची सोय २०२०च्या टाळेबंदीत कशी झाली, ते प्राध्यापकवर्ग अजून विसरलेला नाही. कॉलेजं बंद, वर्ग बंद, पण घरबसल्या प्रश्नमंजूषा सुरू. 'कोरोना जनजागृती प्रश्नमंजूषा', 'योगदिन प्रश्नमंजूषा', 'ग्रंथालय परिचय प्रश्नमंजूषा'. दहा-वीस प्रश्न, चाळीस टक्के गुण पडले की प्रमाणपत्र ईमेलवर. कमी पडले तर पुन्हा सोडवायला मनाई नव्हती, आणि उत्तरं ग्रुपवर फिरत होतीच. प्रमाणपत्रावर नाव आपणच टाइप करायचं असल्यानं कित्येकांनी ते 'प्रा. डॉ.' लावून केलं. यंत्रानं तक्रार केली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकाचा तक्ता आणला होता, त्यामुळे कागद जमवायची सवय हाताला आधीच लागलेली. पन्नास प्रमाणपत्रं झाली तेव्हा अर्धशतकाची बातमी ग्रुपवर पडली. अभिनंदनाचा वर्षाव झाला. त्या वर्षावाबद्दलही एका संस्थेनं सहभाग प्रमाणपत्र दिलं असतं तर कुणी नको म्हटलं नसतं.

प्रबंधांची उचलेगिरी पकडायला मात्र आयोगानं २०१८ मध्ये नियम केले. राजशेखरानंही दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्यावर तीन प्रकरणं खर्ची घातली आहेत, पण आयोगाचं माप टक्क्यांत आहे. दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर माफ. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. हे माप एकदा, नुसतं गंमत म्हणून, अभिनंदनाच्या मेसेजांना लावून बघावं. वर्षभराच्या बंदीत पाच-सहा जण बसतील, सुधारून आणायला सांगावं असे एक-दोन निघतील, आणि उरलेल्या अख्ख्या ग्रुपची नोंदणी रद्द होईल.

नियमांत एक सवलत आहे, ती मात्र सांगायला हवी. साम्य मोजताना श्रेयासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि सर्वसामान्य वापरातले शब्द वगळायचे असतात. तर 'हार्दिक', 'मनःपूर्वक', 'अभिनंदन', 'शुभेच्छा', 'पुढील वाटचालीस' आणि 'सर' हे सर्वसामान्य म्हणून वगळले, की मोजायला मागे राहतं ते सरांचं नाव. तेही कॉपी-पेस्टच्या गडबडीत पुष्कळदा गेल्या महिन्यात निवृत्त झालेल्या सरांचं असतं.